चौदा मैलांवरची राखण

अमेरिकेत घर झालं की मराठी माणसाला मागच्या अंगणात मिरची-कोथिंबीर लावल्याशिवाय चैन पडत नाही. ज्याला अंगण आहे त्याचं ठीक आहे. आमचं घर पडलं टाऊनहाऊस. मागे लाकडी डेक, डेकच्या पलीकडे असोसिएशनची हिरवळ, आणि त्या हिरवळीवर तुळशीची कुंडी ठेवायची तरी आधी अर्ज करावा लागतो. सात वर्षं आम्ही कुंड्यांवर भागवलं. शेवटी २०२२ च्या वसंतात, न्यू जर्सीतल्याच एका टाऊनशिपच्या कम्युनिटी गार्डनमध्ये २० फूट बाय ३० फुटांचा तुकडा वर्षाच्या भाड्याने घेतला. घरापासून अंतर चौदा मैल. जाता-येता मिळून पाऊण तास. म्हणजे नोकरी, मुलीचे वर्ग आणि मंडळाचे कार्यक्रम सांभाळून आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा जाणं होतं. बाकीच्या दिवशी बाग आणि देव, दोघांची गाठ!

मे महिन्याच्या मध्यावर थंडीचा धोका टळला, आणि आम्ही भेंडी, गवार, चवळी, वांगी, मिरच्या, दुधी असा सगळा संसार मांडला. एका कोपऱ्यात अळूचे कंद लावले, कारण गणपतीच्या नैवेद्याची अळूवडी फ्रोजन पानांची करायची नाही असा सौ.चा निश्चय होता. जून संपेपर्यंत चवळीचे वेल गुडघ्याला लागले. एका शनिवारी जाऊन बघतो तो वेलांच्या जागी नुसत्या काड्या! पुढच्या आठवड्यात भेंडीचे शेंडे गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात टपोरी वांगी अर्धवट कुरतडलेली मिळाली. अळू तेवढा शाबूत होता, कारण तो खाजरा असतो आणि सहसा कोणी जनावर त्याला तोंड लावत नाही.

आता, चोरी झाली की आधी चोराची जात ओळखावी लागते, आणि त्यासाठी कॅमेरा लागत नाही, नुसता देठ बघावा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते पान धरून ओढतं आणि देठाला फाटके धागे राहतात. सशाचा आणि ग्राउंडहॉगचा चावा तिरपा आणि कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ. जमिनीपासून दोन फुटांच्या वर खाल्लेलं असेल तर ससा बाद. आणि भेंडीचा देठ चाकूने कापलेला असेल, तर तो प्राणी बहुतेक गाडीतून आलेला असतो! आमच्या तुकड्यात पहिल्या वर्षी पहिले दोन प्रकार भरपूर सापडले. तिसऱ्याची वेळ पुढच्या वर्षी आली. ती हकीकत ओघाने येईलच.

मी मूळचा मंगळवेढ्याचा. ज्वारीचं कोठार म्हणतात ते गाव, आणि भुकेल्यांसाठी बादशहाची कोठारं उघडणाऱ्या दामाजीपंतांचंही तेच गाव. आमची थोडी काळी रान होती. रब्बीच्या ज्वारीत दाणा भरायला लागला की डिसेंबर-जानेवारीत भोरड्यांचे थवेच्या थवे उतरत. आकाशात काळा ढग फिरावा तसा थवा फिरायचा आणि एकदम कणसांवर बसायचा. त्या दिवसांत रानात माळा बांधलेला असे. आजोबा सकाळी उजाडायच्या आत माळ्यावर चढत आणि गोफण फिरवत मोठ्याने आरोळी देत. ती आरोळी पाखरांसाठी असे, पण ती शेजारच्या चार रानांतही ऐकू जाई. ‘जागा आहे हो मी’ असं सगळ्यांना कळत असे. याला आमच्याकडे राखण म्हणतात.

मराठीत याच्याच जवळचा दुसरा एक शब्द आहे. पाळत. दोन्हींत लक्ष ठेवणंच आहे, पण राखण करणारा उघड बसतो, आरोळी देतो. चोरी होऊच नये ही त्याची इच्छा. पाळत ठेवणारा लपून बसतो आणि चोरी व्हावी, म्हणजे चोर हाती लागेल, याची वाट बघतो. हा फरक मला मंगळवेढ्यात कधी जाणवला नव्हता. तो इथे, चौदा मैलांवरच्या सहाशे चौरस फुटांनी शिकवला.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या मार्चमध्ये, मी कॅमेऱ्याच्या मागे लागलो. एम. एस. करायला २००३ साली इथे आल्यापासून पोट सेन्सरवरच भरतोय, तेव्हा हे काम माझ्याकडे येणं ओघानंच आलं. मंडळींपैकी अनेकांनी असे तुकडे घेतलेत आणि फोनवर सारखी विचारणा होते, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

अशा बागेत वीज नसते आणि वायफाय नसतं. त्यामुळे घराच्या दारावर लावतो तो कॅमेरा इथे निरुपयोगी. इथे लागतो शिकारी लोक जंगलात झाडाला बांधतात तो ट्रेल कॅमेरा. तो एरवी झोपलेला असतो. समोरून ऊब असलेलं काही हललं की त्याचा सेन्सर जागा होतो, फोटो काढतो आणि पुन्हा झोपतो. म्हणून बॅटरी महिनोनमहिने पुरते. साध्या कॅमेऱ्यातले फोटो कार्डावर साठतात, ते जाऊन आणावे लागतात. सेल्युलर कॅमेरा मोबाईलच्या नेटवर्कवरून फोटो फोनवर पाठवतो, पण त्याला दरमहा पैसे मोजावे लागतात. कोणी जुना सेल्युलर कॅमेरा स्वस्तात देऊ केला तर तो कोणत्या नेटवर्कवर चालतो ते आधी विचारा. इथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ साल संपेपर्यंत ३जी नेटवर्क बंद केली, त्यामुळे ३जीवर चालणारा कॅमेरा आता फोटो पाठवूच शकत नाही. आणि विकत घेण्याआधी आपला फोन घेऊन बागेत उभं राहा. ज्या कंपनीचा सिग्नल तिथे नीट मिळतो त्या कंपनीचं कार्ड चालणारा कॅमेरा घ्या.

हा सेन्सर वस्तू बघत नाही, उष्णतेतला बदल बघतो. त्यातून तीन गोष्टी निघतात. एक, समोरून सरळ चालत येणारं जनावर त्याला उशिरा कळतं, आडवं जाणारं चटकन कळतं. म्हणून वाफ्यांच्या समोर नाही, तर जनावराची वाट आडवी पडेल असा कॅमेरा लावावा. दुसरं, भर उन्हाळ्यात दुपारी जमीनच जनावराच्या अंगाइतकी तापते, तेव्हा सेन्सर जवळजवळ आंधळा होतो. तिसरं, उन्हाने तापलेली दुधीची पानं वाऱ्याने हलली की तो प्रत्येक पानाला चोर समजतो. पहिल्या दिवशी मला ऑफिसात १८३ फोटो आले, सगळे दुधीचे. समोरची पानं छाटली, सेन्सरची संवेदनशीलता एक पायरी उतरवली आणि प्रश्न मिटला.

कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेला करावं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगात शिरत नाही. सोबत छोटं सोलर पॅनल लावलं तर त्याचं तोंड मात्र दक्षिणेला. पॅनल नसेल तर लिथियमचे सेल घ्यावेत. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. रात्री कॅमेरा इन्फ्रारेड दिवा लावतो. त्यात ८५० नॅनोमीटरचा दिवा अंधुक लाल दिसतो, पण लांबवर पोचतो. ९४० चा दिवा माणसाला दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी. भिंगासमोर अगदी जवळ गवत किंवा जाळी असेल तर तो दिवा तिथेच आपटून सगळा फोटो पांढराफटक येतो. कोळी तर कॅमेऱ्यावर जाळं विणायला टपलेलाच असतो, त्यामुळे दर भेटीत भिंग पुसायचं. आणि शेवटची गोष्ट, कॅमेराच चोरीला जातो! पोलादी पेटी, जाडजूड केबल आणि कुलूप हे सगळं ओघानं आलंच. शिवाय मी तो आठ फूट उंच खांबावर, खाली बघेल असा बसवला. सहज हात पोचत नाही, आणि सगळा तुकडा, बाजूची पायवाट आणि येणाऱ्या माणसाचा चेहरा, असं सगळं टप्प्यात येतं. त्या आठ फुटांविषयी पुढे सांगायचं आहे.

पहिल्या दोन आठवड्यांतच चित्र स्पष्ट झालं. हरणं पहाटे दोन ते चारच्या दरम्यान येत. दोन माद्या आणि एक पाडस. ससा तिन्हीसांजेला. आणि ज्याला आम्ही रात्रीचा दरोडेखोर समजत होतो तो ग्राउंडहॉग चक्क दिवसाढवळ्या, सकाळी सात-साडेसातला यायचा. हा घुशीचा थोरला भाऊ शोभेल असा गलेलठ्ठ प्राणी, पण असतो खारीच्या कुळातला. दर २ फेब्रुवारीला पेन्सिल्व्हेनियातल्या एका गावात ज्याला बिळातून बाहेर काढून हिवाळा किती उरला ते विचारतात, तोच हा. आमच्या मुलीने त्याचं नाव ‘पाटील’ ठेवलं, कारण न्याहारीच्या वेळेला तो सगळ्या तुकड्यांतून रुबाबात एक फेरी मारायचा आणि जिथे आवडेल तिथे बसायचा.

आता चोर कळले, पण चवळी वाचली का? नाही. कॅमेऱ्याने मला एवढंच दिलं की पूर्वी चवळी खाल्लेली शनिवारी कळायची, ती आता खाताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोनवर दिसायला लागली. सौ. म्हणाली, “अहो, तुमचा हा कॅमेरा म्हणजे टीव्हीवरची मॅच आहे. बघायची, हळहळायचं, करता काही येत नाही.”

मग उपाय सुरू झाले. हरणांसाठी लोकांनी सुचवलेले सगळे प्रकार मी बागेत वेगवेगळ्या तुकड्यांवर बघितले आहेत. टांगलेल्या सीडी, ॲल्युमिनियमच्या थाळ्या, साबणाच्या वड्या, न्हाव्याकडून आणलेले केस, रेडिओ, लुकलुकणारे दिवे. यातल्या कशाचाही धाक हरणाला थोडे दिवसच वाटतो. ज्या वस्तूने आपल्याला आजवर काही केलं नाही, ती पुढेही करणार नाही हे त्याला कळतं. आपलं बुजगावणंसुद्धा रोज त्याच जागी उभं राहिलं की कावळे त्याच्याच डोक्यावर बसतात. म्हणून असल्या वस्तू वापरायच्याच असतील तर दर दोन-चार दिवसांनी त्यांची जागा बदलावी. सडक्या अंड्याच्या वासाचे फवारे मिळतात, ते बऱ्यापैकी चालतात, पण पावसानंतर पुन्हा मारावे लागतात आणि खायच्या पाल्यावर मारायचे का, हा प्रश्न उरतोच. हालचाल दिसली की अंगावर पाणी उडवणारं यंत्र चांगलं आहे. आवाज, हालचाल आणि पाणी तिन्ही एकदम अंगावर येतात. पण त्याला पाण्याचा दाब सतत लागतो, आणि आमच्या बागेत नळ उघडा ठेवून घरी जायची परवानगी नाही.

शेवटी उत्तर निघालं ते मंगळवेढ्याच्या कोणत्याही शेतकऱ्याने पहिल्या दिवशी दिलं असतं तेच. कुंपण! पण कुणासाठी ते कॅमेऱ्याने सांगितलं होतं, म्हणून ते दोन प्रकारचं केलं. हरिण आठ फूटही उडी मारू शकतं, तेव्हा वरच्या बाजूला साडेसात फूट उंचीची काळी प्लॅस्टिकची जाळी. मोठ्या शेताला एवढी उंची कदाचित कमी पडेल, पण आत जागा अरुंद असली आणि पाय कुठे टेकणार ते दिसत नसलं की हरिण सहसा उडी घेत नाही. आमचा तुकडा लहान, त्याचा इथे फायदा झाला. खालच्या बाजूला पाटीलसाहेबांसाठी बारीक तारेची जस्त चढवलेली जाळी. ती तीन फूट जमिनीच्या वर, आणि तळाशी एक फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून मातीखाली पुरलेली. हा प्राणी कुंपणाला लागूनच उकरायला लागतो. उकरताना पायाखाली जाळी लागली की नाद सोडतो, दोन पावलं मागे जाऊन सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. तो चढतोही, म्हणून तारेच्या जाळीची वरची वीतभर कड सैल, बाहेर लवती सोडली. चढताना ती त्याच्या वजनाने मागे कलते. हे सगळं शंभर फूट घेर, दोन शनिवार-रविवार, आणि माझी कंबर. खर्च कॅमेऱ्याच्या दुपटीहून जास्त आला, पण मेपासून चवळी वाढायला लागली आणि पाटील बाहेरून चक्कर मारून जाऊ लागले.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण जुलैमध्ये बागेत तिसऱ्या प्रकारची चोरी सुरू झाली.

सहा-सात तुकड्यांमधून पिकलेले टोमॅटो आणि ढबू मिरच्या गेल्या. चावा नाही, कुरतडलेलं नाही, देठापासून व्यवस्थित तोडलेल्या. बागेच्या ग्रुपवर संतापाचे निरोप सुरू झाले. दर बुधवारी हिरवळ कापायला तीन-चार माणसं ट्रक घेऊन येतात, त्यांच्यावर कोणीतरी बोट ठेवलं. पुरावा काय, तर ते बुधवारी येतात आणि स्पॅनिश बोलतात. आमच्यातलेच एक मराठी गृहस्थ मला म्हणाले, “अरे, तुझा कॅमेरा आहे ना? दे एकदाचा फोटो समितीला. सोक्षमोक्ष लागू दे.” बागेच्या नियमांत कलमच आहे. दुसऱ्याच्या तुकड्यातून काही नेलेलं सिद्ध झालं तर तुकडा त्याच दिवशी काढून घेतला जातो, पुन्हा मिळत नाही. बाहेरचा माणूस असेल तर टाऊनशिप त्याच्या मालकाला कळवते. मालकाला कळवणं म्हणजे काय हे, व्हिसाच्या रांगेत उमेदीची वर्षं घालवलेल्या आपल्यासारख्यांना समजावून सांगायला नको.

त्याच सुमारास सौ.च्या मावसबहिणीच्या लग्नासाठी आम्ही शिकागोला गेलो होतो. नऊ दिवस बागेत जाणं झालं नाही. सातव्या दिवशी सकाळी फोनवर फोटो आला. वेळ ६ वाजून १२ मिनिटं. आमच्या भेंडीच्या ओळीत एक बाई वाकलेली, हातात कात्री, शेजारी बादली, खांद्याला पिशवी. बॅटरी वाचावी म्हणून एका फोटोनंतर पाच मिनिटं थांबायचं असं मी कॅमेऱ्याला सांगितलेलं, त्यामुळे पुढचा फोटो ६ वाजून १८ मिनिटांचा. त्यात ती कुंपणाच्या दारातून बाहेर पडत होती आणि पिशवी भरलेली होती. आठ फुटांवरून चेहरा स्वच्छ दिसत होता. शेजारच्या ३१ नंबरच्या आजी.

या आजी मूळच्या कोरियातल्या. सत्तरीच्या आसपास. यजमान नाहीत, मुलगा दूरच्या राज्यात. पहाटे येतात, कोणाशी फारसं बोलत नाहीत, आणि त्यांच्या तुकड्यात एक तण शोधून सापडणार नाही. दोन वर्षं आमची ओळख मान हलवण्यापुरतीच होती.

फोटो सौ.ला दाखवला. तिचा चेहरा उतरला. “भेंडी गेली त्याचं काही नाही हो,” ती म्हणाली, “पण न विचारता घेतली ना?”

मी म्हटलं, “विचारणार कोणाला? आपण आठवडाभर इथे बसलोय.”

“म्हणून काय झालं? कुलूप नाही म्हणून कोणी आपल्या घरात शिरेल का?”

तिचं म्हणणं चूक नव्हतं. आणि ग्रुपवर त्याच संध्याकाळी पुन्हा विचारणा झाली की कोणाच्या कॅमेऱ्यात काही आलंय का. माझ्या हातात असा फोटो होता की तो पाठवला असता तर दहा मिनिटांत प्रकरण मिटलं असतं. हिरवळ कापणारे सुटले असते, समितीला चोर मिळाला असता आणि आजींचा तुकडा गेला असता. पण टोमॅटोंबद्दल त्या फोटोत काहीच नव्हतं. त्यात फक्त माझी भेंडी होती, आणि भेंडीबद्दलसुद्धा सहा मिनिटांच्या अंतराचे दोन क्षण होते. मधल्या सहा मिनिटांत काय झालं ते कॅमेऱ्याला माहीत नव्हतं. सेन्सरवाल्याची जातच अशी की मोजलेलं किती आणि त्यावरून धरून चाललेलं किती, हे आधी वेगळं करायचं. मी फोटो पाठवला नाही. शनिवारी सकाळी साडेपाचला मात्र बागेत जाऊन उभा राहिलो.

आजी आल्या. मी नमस्कार केला आणि भेंडीकडे हात दाखवून नुसतं विचारलं, “तुम्ही तोडलीत का?” त्यांचं इंग्रजी जेमतेम, माझं कोरियन शून्य. पण त्या अजिबात कचरल्या नाहीत. उलट रागावल्याच! हाताची बोटं उघडून नऊ मोजली. नऊ दिवस आला नाहीत. मग एक जून झालेली, वीतभर लांब भेंडी झाडावरून तोडून माझ्यासमोर काडकन मोडली. ही अशी राहू दिली तर झाड पुढे फळ धरत नाही, हे त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. भेंडी आणि चवळी दर दोन दिवसांनी तोडली नाही तर झाडाला वाटतं आपलं बी तयार झालं, काम झालं. मग माझा हात धरून मला वांग्यांपाशी नेलं. माती ओली होती. त्या आठवड्यात पाऊस झालेला नव्हता, पारा नव्वदीच्या वर होता, आणि आमचं एकही रोप सुकलेलं नव्हतं. कोवळी भेंडी त्यांनी थोडी घरी नेली होती, बाकीची फाटकाजवळच्या फूड पँट्रीच्या खोक्यात टाकली होती.

फोटोत बादली दिसत होती. बादलीतलं पाणी दिसत नव्हतं.

मला तिथे उभ्या उभ्या आमच्याकडचा सरवा आठवला. ज्वारीची काढणी झाली की रानात गळालेली कणसं वेचायला गावातल्या गरिबाघरच्या बाया यायच्या. दोन महिने पाखरांवर ओरडून घसा बसलेले आजोबा, त्या बायांना कधी अडवत नसत. राखण कुठवर करायची आणि कुठे थांबायची हे ठरलेलं होतं, आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. आमच्या बागेत ३८ कुटुंबं, बारा-पंधरा देशांची. प्रत्येकाच्या गावचा सरवा वेगळा. कोणाकडे शेजाऱ्याचं वाया जाणारं पीक तोडणं म्हणजे चोरी, कोणाकडे न तोडणं म्हणजे शेजारधर्म सोडणं. इथे काय ते आम्ही कधी एकमेकांशी बोललोच नव्हतो.

ऑगस्टमध्ये समितीची बैठक झाली. मी तिथे दोन गोष्टी सांगितल्या. माझ्या तुकड्यातून जे गेलं त्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि हिरवळ कापणाऱ्या माणसांविरुद्ध माझ्याकडे काही नाही, इथे बसलेल्या कोणाकडेही नाही, तेव्हा ते नाव पुन्हा लिहिलं जाऊ नये. त्यांच्या वतीने बोलायला तिथे कोणी नव्हतं. थोडी कुजबुज झाली. ते मराठी गृहस्थ माझ्यावर काही आठवडे नाराज होते, पण गणपतीला अळूवड्या खाताना बोलायला लागले. टोमॅटो कोणी नेले ते आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्या हंगामापासून बागेत दोन पद्धती पडल्या. जो आठवड्याहून जास्त बाहेरगावी जाणार तो कुंपणाच्या दाराला हिरवी चिंधी बांधतो. चिंधी असेल तर शेजाऱ्याने तयार भाजी तोडावी, पाणी घालावं, निम्मं स्वतः न्यावं आणि निम्मं पँट्रीच्या खोक्यात टाकावं. चिंधी नसेल तर हात लावायचा नाही. सौ.चं ‘न विचारता’ही राहिलं आणि आजींची भेंडीही जून होत नाही. दुसरी पद्धत कॅमेऱ्यांची. कॅमेरा फक्त स्वतःच्या तुकड्याकडे. दारावर ‘इथे कॅमेरा आहे’ अशी ठळक पाटी. माणसाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. आधी त्या माणसाशी बोलायचं. दोन आठवड्यांनी फोटो पुसायचे. आणि आवाज बंद. हे शेवटचं तर तुम्ही बाग कुठेही करत असाल तरी लक्षात ठेवा. दोन माणसं आपापसात खाजगीत बोलत असताना, त्यातल्या एकाचीही संमती नसताना ते बोलणं टिपणं अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात बसत नाही. बरेच कॅमेरे व्हिडिओबरोबर आवाजही टिपतात, तेव्हा तो मुद्दाम बंद करावा लागतो.

माझा कॅमेरा मी आठ फुटांवरून दोन फुटांवर आणला. कुंपणाच्या आत, जाळीच्या कडेने बघेल असा. आता त्यात माणसांचे फक्त बूट दिसतात. पाटील जाळी उकरताहेत का, वादळात खांब कलला का, वांग्याची पानं माना टाकताहेत का, हे मात्र नीट दिसतं. राखणीला तेवढं पुरतं. चेहरे बघायला मी शनिवारी सकाळी स्वतः जातो.

तेव्हा मंडळी, लांबवर बाग करणाऱ्यांना माझा सल्ला असा. पैसे मोजकेच असतील तर आधी कुंपण करा, कॅमेरा मागून घ्या. कॅमेरा घेतलात तर पहिले दोन आठवडे नुसतं बघा, कोण येतंय, किती वाजता येतंय, आणि त्याप्रमाणे उपाय करा. आणि या सगळ्याच्या आधी, डाव्या-उजव्या तुकड्यावरच्या माणसांची ओळख करून घ्या. जाताना चार अळूवड्या न्या. आमच्या शेजारच्या आजींना त्या आवडतात, फक्त तिखट जरा कमी लागतं त्यांना. त्यांनी दिलेल्या पेरिला नावाच्या पाल्याची भजी आमच्याकडे आता नेहमी होतात. तुळशीच्याच कुळातला तो. बी हवं असेल त्यांनी ऑक्टोबरमध्ये सांगावं, भरपूर धरतं.